लोन चार्ज आम्ही भरला, त्याची सगळी हकीकत

लोन चार्ज म्हणजे पगाराच्या जागी कर्ज म्हणून मिळालेल्या पैशांवर इंग्लंडच्या सरकारने नंतर लावलेला टॅक्स. नवऱ्याचं ते प्रकरण आम्ही २०१९ च्या मार्चमध्ये सेटल केलं, २०२४ मध्ये शेवटचा हप्ता गेला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या बजेटमध्ये सरकारने जी मोठी सवलत जाहीर केली ती ज्यांनी अजून मिटवलेलं नाहीये त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी सांगितलेल्या तारखेच्या आत मुकाट्याने सगळं भरलं त्यांच्यासाठी त्यात काही नाही. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून एकदा पहिल्यापासून सगळं लिहून काढतेय. इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्टिंग केलेली आपली मराठी मंडळी खूप आहेत, रेडिंग, स्लाउ, हाउन्स्लो, मिल्टन कीन्स, जिकडे जाल तिकडे, आणि यातली बरीच जण या विषयावर घरातसुद्धा बोलत नाहीत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. इंग्लंडमध्ये २००० सालापासून आयआर३५ नावाचा नियम आहे. तुम्ही स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टर म्हणून बिल लावताय, पण प्रत्यक्षात क्लायंटकडे नोकरदारासारखंच काम करताय, तर टॅक्सही नोकरदारासारखाच भरा, असा त्याचा साधा अर्थ. पण कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणं इतकं किचकट की भलेभले वकील त्यावर भांडतात, मग पुण्याहून आलेल्या जावा डेव्हलपरने काय ठरवायचं. या धास्तीतूनच पुढे एक अख्खा धंदा उभा राहिला. तुम्ही लिमिटेड कंपनीच्या भानगडीत पडू नका, आमच्या अंब्रेला कंपनीत एम्प्लॉयी व्हा, आयआर३५ चा प्रश्नच येणार नाही, असं सांगणारे लोक आले. त्यातले बरेच सरळ होते, पीएवायई, म्हणजे पगारातून कापला जाणारा टॅक्स, कापायचे आणि उरलेलं हातात द्यायचे. काही मात्र पगार अगदी किमान वेतनाएवढा दाखवायचे आणि बाकीचे पैसे आइल ऑफ मॅन किंवा जर्सीमधल्या ट्रस्टकडून कर्ज म्हणून द्यायचे. कर्जावर इन्कम टॅक्स नाही, आणि ते कर्ज कधी कोणी मागणार नाही हे सगळ्यांना माहीत. त्याबद्दल कंपनी आपली फी कापून घ्यायची, पंधरा-अठरा टक्के.

आम्ही २००७ साली एचएसएमपी, म्हणजे उच्चशिक्षित कुशल लोकांसाठीच्या, व्हिसावर आलो. नवरा दोन वर्षं एका कन्सल्टन्सीत पगारावर होता, मग २००९ मध्ये मंदीत ती नोकरी गेली आणि एका बँकेच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्ट मिळालं. एजन्सीने सोमवारी जॉइन व्हायचं म्हणून सांगितलं आणि सोबत अंब्रेला कंपन्यांची एक यादी पाठवली, यातली एक निवडा, त्याशिवाय टाइमशीट निघणार नाही. त्या यादीतल्याच एका कंपनीत तो गेला. त्यांचं माहितीपत्रक माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहिलंय की या रचनेला क्यूसीचं, म्हणजे वरिष्ठ बॅरिस्टरचं, ओपिनियन आहे, आणि टॅक्स खात्याकडे ती नोंदलेली आहे, हा तिचा आठ आकडी नंबर.

तो नंबर म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसले. २००४ पासून इथे डोटास नावाचा कायदा आहे, टॅक्स वाचवण्याची स्कीम विकणाऱ्याने ती खात्याला कळवायची आणि खातं तिला एक नंबर देतं. नंबर मिळाला म्हणजे मंजुरी मिळाली असं अजिबात नाही, उलट खात्याचं त्या स्कीमवर लक्ष आहे असा त्याचा अर्थ. पण विकणाऱ्यांनी तो नंबर मंजुरीचा शिक्का असल्यासारखा दाखवला. आणि गंमत नाही, खरंच सांगते, नवऱ्याच्या प्रत्येक रिटर्नमध्ये अ‍ॅडिशनल इन्फर्मेशनच्या पानावर तो नंबर भरलेला आहे. लपवलं काहीच नव्हतं. दर वर्षी स्वतःहून सांगितलं की मी ही स्कीम वापरतोय, आणि पहिल्या वर्षी समोरून अवाक्षर आलं नाही.

२०१२ च्या शेवटी २०१०-११ च्या रिटर्नबद्दल एन्क्वायरीचं पत्र आलं. कंपनीला विचारलं तर म्हणाले हे रुटीन आहे, आमची लीगल टीम उत्तर देईल, तुम्ही काहीही सही करून पाठवू नका. नवऱ्याने त्याच सुमारास परमनंट नोकरी धरली आणि स्कीममधून बाहेर पडला. मग दोन वर्षांनी कंपनीचा फोन लागेना, ईमेल परत यायला लागले, आणि कंपनीज हाउसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणीत, पाहिलं तर कंपनी डिझॉल्व्ह झालेली. तेच लोक पुढे दुसऱ्या नावाने तोच धंदा करत होते हे मला नंतर कळलं.

मार्च २०१६ च्या बजेटमध्ये लोन चार्ज जाहीर झाला आणि २०१७ मध्ये कायदा आला. त्याचं सार एवढंच, की ६ एप्रिल १९९९ नंतर अशा ट्रस्टकडून घेतलेलं जे कर्ज ५ एप्रिल २०१९ ला शिल्लक असेल ते सगळंच्या सगळं एका वर्षाचं उत्पन्न धरायचं. वीस वर्षांचं एका वर्षात! सरकारचा अंदाज होता की साधारण पन्नास हजार लोकांना हे लागू होईल. सरकार म्हणत होतं हा कायदा पूर्वलक्षी नाही, कारण चार्ज २०१९ मध्ये लागतोय. कागदावर ते बरोबरही असेल, पण खात्याने ज्या वर्षाची एन्क्वायरी मुदतीत उघडलीच नाही ते वर्ष एरवी कायद्याने बंद झालेलं असतं, आणि लोन चार्जने ते परत उघडलं. याला मी पूर्वलक्षीच म्हणणार.

माझा धाकटा भाऊ सांगलीत सीए आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, हे आपल्याकडच्या व्होडाफोनसारखंच झालं की." व्होडाफोन जानेवारी २०१२ मध्ये टॅक्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात जिंकलं आणि दोनच महिन्यांत प्रणब मुखर्जींच्या बजेटने कायदा थेट १९६२ पासून बदलला, ते तुम्हाला आठवत असेल. पण तिथे व्होडाफोन होतं, केर्न होतं, आंतरराष्ट्रीय लवाद झाले, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने ती तरतूद मागे घेतली, घेतलेले पैसेही परत करायचं कबूल केलं. इकडे समोर कोण, तर आयटीवाले, लोकम म्हणजे बदलीवर काम करणाऱ्या नर्सेस, सोशल वर्कर्स, सुट्टे सुट्टे लोक, प्रत्येकाच्या घरात वेगळं खाकी पाकीट.

त्या पाकिटांचं सांगते. इथे टॅक्सची पत्रं खाकी पाकिटातून येतात. नवरा ती उघडायचाच नाही. हॉलमधल्या कपाटावर तशीच ठेवायचा, मी विचारलं की "बघतो गं शनिवारी" म्हणायचा, आणि शनिवार आला की मुलीच्या क्लासला निघून जायचा. मी बीकॉम, इथे एका केअर होमच्या पेरोलला काम करते, पीएवायई, पी६०, एनआय हे माझं रोजचं. २०१८ च्या उन्हाळ्यात मी त्याला म्हटलं की हे सगळं माझ्याकडे दे, तू फक्त सही कर. ६४-८ नावाचा फॉर्म भरून एजंट नेमता येतो, आणि फोनवर बोलायला त्याने एकदा लाइनवर येऊन परवानगी दिली की मला बोलता येत होतं. तिथून पुढे सगळं मी केलं.

खात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये सेटलमेंटच्या अटी काढल्या होत्या. ३० सप्टेंबर २०१८ पर्यंत नाव आणि माहिती द्या, ५ एप्रिल २०१९ च्या आत मिटवा, म्हणजे लोन चार्ज लागणार नाही. सेटलमेंटमध्ये कर्ज ज्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात, त्या त्या वर्षाच्या दराने टॅक्स आणि वर व्याज. लोन चार्जमध्ये सगळं एकाच वर्षात. फरक किती पडतो ते आमच्याच आकड्यांवर दाखवते.

चार वर्षं, २००९-१० ते २०१२-१३, दर वर्षी पगार साधारण बारा हजार पौंड आणि कर्ज पस्तीस हजार. म्हणजे एकूण कर्ज एक लाख चाळीस हजार. वर्षवार धरलं तर बहुतेक रक्कम वीस टक्क्यांत बसते, वरची थोडी चाळीस टक्क्यांत जाते, आणि चार वर्षांचा मिळून टॅक्स होतो एकतीस हजारांच्या आसपास. आता हेच सगळं २०१८-१९ मध्ये टाका. नवऱ्याचा तेव्हाचा पगार सत्तेचाळीस हजार, त्यात एक लाख चाळीस हजार मिळवले की एक लाख सत्त्याऐंशी हजार. लाखाच्या वर गेलं की पर्सनल अलाउन्स, म्हणजे टॅक्स न लागणारी रक्कम, कमी होत होत संपतो, आणि तेव्हा दीड लाखाच्या वर पंचेचाळीस टक्के दर लागायचा. जादा टॅक्स होतो बासष्ट हजारांच्या वर. म्हणजे तेच पैसे, तोच माणूस, आणि टॅक्स दुप्पट. आणि ज्या माणसाने एका वर्षात कधी पन्नास हजार हातात पाहिले नाहीत त्याला त्या वर्षापुरतं श्रीमंत ठरवून टाकायचं, यात कुठला न्याय आहे ते मला आजही कळलेलं नाही.

मी असं म्हणत नाहीये की तो टॅक्स द्यायलाच नको होता. कामाचा मोबदला तो मोबदला, ट्रस्टमधून फिरवून आणल्याने त्याचं कर्ज होत नाही, इथल्या सुप्रीम कोर्टानेही जुलै २०१७ मध्ये रेंजर्स फुटबॉल क्लबच्या केसमध्ये साधारण हेच सांगितलं. माझं म्हणणं वर्षवार हिशोबाचं आहे, मुदतीचं आहे, आणि ज्यांनी ही स्कीम विकून पंधरा-अठरा टक्के खाल्ले त्यांना कोणी का विचारलं नाही याचं आहे.

तर कागद. सेटलमेंटला प्रत्येक वर्षी किती कर्ज मिळालं त्याचा पुरावा लागतो, आणि कंपनी तर गायब. पेस्लिपवर फक्त पगार. ट्रस्टची लोन अ‍ॅग्रीमेंट्स होती पण त्यात रक्कम कोरी, "वेळोवेळी दिलेली रक्कम" असं काहीतरी. मग बँक स्टेटमेंट. बँकेकडे ऑनलाइन सात वर्षांच्या मागचं नव्हतं, शाखेत जाऊन अर्ज केला तर अर्काइव्हमधून काही महिने आले, काही आलेच नाहीत. जी आली त्यात हिशोब स्वच्छ दिसत होता, महिन्याच्या एकाच तारखेला दोन जमा, एक साडेनऊशेच्या आसपास अंब्रेलाच्या नावाने, दुसरी एकोणतीसशेच्या आसपास ट्रस्टच्या नावाने, खालोखाल. जे महिने नव्हते ते मी एजन्सीच्या सेल्फ-बिलिंग इन्व्हॉइसवरून काढले, दिवस गुणिले रेट, वजा कंपनीची फी, वजा पगार. खात्याकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट टाकली, म्हणजे माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते सगळं द्या असा अर्ज, तो फुकट असतो आणि फार कामाचा. त्यातून आलेल्या जाडजूड गठ्ठ्यात एक कागद असा मिळाला की त्यावर आमच्या एन्क्वायऱ्यांची यादी होती: २०१०-११, २०११-१२, २०१२-१३. २००९-१० नव्हतंच.

डायनिंग टेबलवर एक्सेल उघडून बसले होते, रात्र झाली होती, आणि ती यादी मी परत परत वाचली. म्हणजे २००९-१० ची एन्क्वायरी खात्याने कधी उघडलीच नव्हती. याला अनप्रोटेक्टेड इयर म्हणतात. नेहमीच्या कायद्याने त्या वर्षाबद्दल टॅक्स खातं आपल्याकडे काही मागू शकत नाही. पण सेटलमेंटची अट होती की अशी वर्षंही "स्वखुशीने" भरायची, व्हॉलंटरी रेस्टिट्यूशन, नाहीतर सेटलमेंट होणार नाही आणि लोन चार्ज लागेल, ज्यात ते वर्ष आपोआप येतंच. साडेसात हजार पौंडांचा प्रश्न होता. स्वखुशीने हा शब्द त्या फॉर्मवर वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

एकूण आकडा व्याजासकट साडेपस्तीस हजारांच्या घरात गेला. टाइम टू पे, म्हणजे हप्त्यांनी भरायची सोय, मागायचं ठरवलं. तेव्हाचा नियम असा होता की चालू वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असेल आणि विकता येण्यासारखी मालमत्ता नसेल तर पाच वर्षांचे हप्ते फार चौकशी न करता मिळतात, तीस हजारांच्या आत असेल तर सात वर्षांचे. उत्पन्नात आम्ही बसत होतो, पण मालमत्तेत पुण्याजवळच्या वाकडचा फ्लॅट होता, २०११ मध्ये घेतलेला. तो लपवायचा प्रश्नच नव्हता, फॉर्मवर लिहिला. फोनवर जी बाई होती ती फार समंजस होती, तिने सांगितलं की फ्लॅट विकून काही रक्कम आधी भरणार असाल तर बाकीचे हप्ते करता येतील, घाई करू नका, लेखी कळवा. अशी माणसं तिथेही असतात हे मुद्दाम सांगते, कारण फोन करायची भीती वाटते म्हणूनच बरेच जण पाकिटं उघडत नाहीत.

फ्लॅट विकण्याचं वेगळंच रामायण. तेव्हाचा नियम असा होता की विकणारा एनआरआय किंवा ओसीआय असला की घेणाऱ्याने कलम १९५ खाली टीडीएस कापायचा, तोही बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर, वीस टक्के अधिक सेस. नफा किती झाला याच्याशी त्या घेणाऱ्याला घेणंदेणं नसतं, त्याला आपली मान सोडवायची असते. भावाने आधीच लोअर डिडक्शन सर्टिफिकेटचा अर्ज लावला, फॉर्म १३, म्हणून वाचलो, नाहीतर आमचे पैसे रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत तिकडेच अडकले असते आणि इकडे ५ एप्रिल उलटून गेली असती. मग पैसे भारताबाहेर पाठवायचे १५सीए, १५सीबी फॉर्म, एनआरओ खात्यातून इकडे पाठवणं, आणि तो नफा इकडच्या रिटर्नमध्येही दाखवणं, भारतातल्या टॅक्सचं क्रेडिट घेऊन. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, फ्लॅट परत होईल, त्याची झोप आधी बघ."

बारा हजार आधी भरले, बाकीचे साठ हप्त्यांत, वर पुढचं व्याज. त्या पाच वर्षांत दर महिन्याच्या डायरेक्ट डेबिटने काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. मुलीची शाळेची ट्रिप, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला न जाणं, एवढं पुरे.

आमच्या ओळखीत आमच्यापेक्षा वाईट अवस्था झालेले होते. ज्यांचा आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, व्हायचा होता ते तर दुहेरी भीतीत. २०१८ च्या सुमारास टियर वन जनरल व्हिसावाल्यांचे आयएलआरचे अर्ज इमिग्रेशनच्या नियम ३२२(५) खाली नाकारले जात होते, टॅक्स रिटर्नमधला आकडा आणि व्हिसाच्या अर्जातला आकडा यात फरक दिसला की थेट चारित्र्यावर बोट. २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने बालाजीगारीच्या केसमध्ये सांगितलं की माणसाला आधी बाजू मांडायची संधी द्या, तोपर्यंत कितीतरी घरं हादरली होती. अशात ज्याच्या नावावर लोन स्कीम आहे तो माणूस कुठल्या तोंडाने वकिलाकडे जाणार. आणि सगळ्यात वाईट, लोन चार्जशी जोडल्या गेलेल्या दहा आत्महत्या एचएमआरसीने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, स्वतः मान्य केल्या आहेत. दहा घरं. हे लिहिताना हात थांबतो. ज्याच्या घरात हे चाललंय त्याने एकट्याने बसू नका, बायकोला सांगा, भावाला सांगा, आणि उत्पन्न कमी असेल तर टॅक्सएड नावाची संस्था फुकट सल्ला देते, तिथे फोन करा.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने सर अमायस मोर्स यांना फेरआढावा घ्यायला सांगितला, ते आधी नॅशनल ऑडिट ऑफिसचे प्रमुख होते. डिसेंबरात अहवाल आला आणि वीसपैकी एकोणीस शिफारशी सरकारने मान्य केल्या. मुख्य म्हणजे ९ डिसेंबर २०१० च्या आधीच्या कर्जांना लोन चार्ज लागणार नाही, कारण त्या तारखेपर्यंत कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. २०१० ते २०१६ मधलंही जे नीट उघड केलं होतं आणि खात्याने काही केलं नाही ते वगळलं. उरलेलं तीन वर्षांत विभागून दाखवायची मुभा दिली. आणि आमच्यासारख्यांनी "स्वखुशीने" भरलेलं परत करायचं ठरलं, म्हणजे मार्च २०१६ नंतर आणि ११ मार्च २०२० च्या आत सेटल केलेल्यांना.

मी लगेच अर्ज केला. कर्जाची तारीख, एन्क्वायरी नव्हती याचा पुरावा, सेटलमेंटचा करार, हप्त्यांचा तपशील, सगळं जोडलं. तो सब्जेक्ट अ‍ॅक्सेसवाला कागद इथे सोन्यासारखा कामाला आला. २०२१ मध्ये पत्र आलं, २००९-१० चे पैसे वजा झाले, काही परत आले, काही पुढच्या हप्त्यांतून कमी झाले. बाकीच्या तीन वर्षांना एन्क्वायरी होती म्हणून त्यांना काही नाही. मी त्यावर समाधान मानलं. मनात म्हटलं निदान एक चूक दुरुस्त झाली.

मधेच दुसरं संकट. एका अनोळखी कंपनीचं पत्र आलं की तुमच्या ट्रस्टचं कर्ज आम्ही विकत घेतलंय, एक लाख चाळीस हजार भरा, नाहीतर अमुक रकमेवर तडजोड करा. हे फार जणांच्या बाबतीत झालंय. टॅक्स सेटल केल्याने ते कर्ज कायद्याने संपत नाही, ही गोष्ट सेटल करताना कोणी ठळकपणे सांगत नाही. जे कर्ज नाहीच असं एका बाजूने सांगून त्यावर टॅक्स घेतला, तेच कर्ज खरं आहे असं दुसऱ्या बाजूने कोणी येऊन मागतो. आम्ही घाबरून पैसे दिले नाहीत, फोनही केला नाही, सॉलिसिटरकडून एक पत्र दिलं की कर्ज तुमच्याकडे आल्याचा करार, मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि रकमेचा हिशोब दाखवा. परत उत्तर आलं नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, म्हणून असं पत्र आलं तर टाकून देऊ नका, वकिलाला दाखवा. आणि लोन चार्जमधून सोडवतो म्हणून नवीन रचना विकणारे जे येतात त्यांना दारातही उभं करू नका.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा फेरआढावा सुरू झाला, रे मॅकॅन यांचा, ते चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनचे माजी अध्यक्ष. २६ नोव्हेंबरला बजेटच्या दिवशी तो बाहेर आला. नव्या अटी काय, तर स्कीमवाल्यांनी खाल्लेल्या फीचा विचार होणार, लेट पेमेंटचं व्याज सोडणार, वर सरकार स्वतःहून प्रत्येकाचे पहिले पाच हजार पौंड माफ करणार. सरकारच म्हणतं की बहुतेकांचं देणं निम्म्याने तरी कमी होईल आणि साधारण तीस टक्के लोकांचं पूर्ण माफ होईल.

ज्यांना हे मिळतंय त्यांच्याबद्दल मला मनापासून आनंद आहे. आमच्याच ओळखीतला एक जण आहे, त्याच बँकेच्या प्रोजेक्टवर होता, तीच अंब्रेला, जवळपास तेवढीच रक्कम, त्याने भीतीने काहीच केलं नाही, सहा वर्षं झोपला नाही माणूस. त्याचं आता बरंचसं सुटेल, सुटायलाच पाहिजे. पण मग जी फी त्याच्या पगारातून कापली गेली तीच आमच्याही कापली गेली होती ना? जे व्याज त्याच्यासाठी अन्यायाचं ठरलं ते आमच्यासाठी न्यायाचं कसं? मोर्सच्या वेळी सेटल केलेल्यांना मागे जाऊन पैसे परत देता आले, म्हणजे ते करता येतं, यंत्रणा आहे, फॉर्म आहेत, लोक आहेत. मग या वेळी का नाही?

मी आमच्या एमपींना पत्र लिहिलं. ट्रेझरीकडून त्यांच्यामार्फत जे उत्तर आलं त्यात पहिली दोन पानं योजनेची माहिती आणि माझ्या प्रश्नावर एक वाक्य, की मिटलेली प्रकरणं पुन्हा उघडण्याचा विचार नाही. दुसरं पत्र तयार आहे, त्यात मी मोर्सच्या वेळच्या परतफेडीचा सरळ दाखला दिलाय आणि तोच मार्ग पुन्हा वापरा असं मागितलंय. तुमच्यापैकी ज्यांनी २०१६ ते २०२५ मध्ये सेटल करून पूर्ण भरलंय त्यांनी आपापल्या एमपीला लिहा. पत्रात कोणत्या वर्षांचं सेटलमेंट, कोणत्या तारखेचा करार, मूळ टॅक्स किती, व्याज किती आणि स्कीमवाल्यांना फी किती गेली, एवढे आकडे नीट वेगवेगळे लिहा, रडगाणं एका ओळीत ठेवा. फीचा आकडा नसेल तर एजन्सीच्या इन्व्हॉइसमधून पगार आणि कर्ज वजा करून काढता येतो, मी काढलाय, कोणाला अडलं तर विचारा, माझी एक्सेल देईन.